विवाहाचे बंधन आणि कर्जाचे बंधन

पती घर सोडून वेगळा राहू लागतो, धंद्यात बुडतो, नादारीचा अर्ज करतो. आणि वसुलीची नोटीस मात्र पत्नीच्या दारी येते. अशा वेळी आपल्या धर्मग्रामांत तिला एक उपदेश हमखास ऐकावयास मिळतो : "वेदीसमोर शपथ घेतली आहेस, आता त्याचे ओझेही उचल." हा उपदेश धार्मिक वाटला तरी अन्यायाचा आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

विवाहसंस्काराचे बंधन अभंग आहे. परंतु त्याचा अर्थ कर्जरोख्यावरील सही असा होत नाही. ख्रिस्तसभेचा कायदा गंभीर कारणास्तव पतिपत्नींना विभक्त राहण्याची मुभा देतो आणि तसे झाल्यास मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद व्हावी, असे बजावतो. मग मुलांच्या तोंडचा घास काढून धनकोला देणे, हा कोणता क्षमाधर्म?

देशाचा कायदाही हेच सांगतो. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 20 नुसार ख्रिस्ती दांपत्यात केवळ विवाहामुळे एकाच्या मालमत्तेवर दुसऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यानुसार पत्नीची कमाई तिचीच. (गोव्यात दांपत्याच्या सामाईक मालमत्तेची पद्धत असल्याने तेथील भगिनींनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.) पत्नी अडकते ती नात्याने नव्हे, तर जामीनदार वा सहकर्जदार म्हणून केलेल्या सहीने. न्यायालयाने नादार पतीला ऋणमुक्त केले, तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. ऋणको सुटतो आणि जामीनदार सापडतो!

म्हणून भगिनींनो, "संसारासाठी" म्हणून पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करू नका. पुढील कर्जांनाही लागू होणारी हमी दिली असल्यास ती यापुढे रद्द केल्याचे धनकोला लेखी कळवा व पोच घ्या. न्यायालयाकडून विभक्ततेचा हुकूम मिळवा. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार त्यानंतर मिळविलेली मालमत्ता सर्वस्वी तुमची ठरते. मात्र पतीची मालमत्ता आपल्या नावावर दडवू नका. ती धनकोंची फसवणूक होय आणि न्यायालय असा व्यवहार रद्द करू शकते.

पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांनी जामीन राहणाऱ्याला केव्हाच सावध केले आहे. ती सावधगिरी आपल्या विवाहपूर्व शिबिरांत का शिकविली जाऊ नये? परित्यक्तेला सहनशीलतेचे धडे देण्यापूर्वी तिला तिचे हक्क समजावून सांगणे, हे धर्मग्रामाचे पहिले कर्तव्य आहे.