रेल्वेतून गिरणीत

नागपूरच्या गांधीबागेतल्या कपड्याच्या ठोक दुकानात नवा पोरगा लागला की त्याला आधी गल्ल्याजवळ कुणी बसवत नाही. ताके काढायचे, गिऱ्हाइकासमोर उलगडायचे, आणि तो काही न घेता उठला तर चेहरा न पाडता पुन्हा घडी घालून फळीवर रचायचे. काही महिन्यांत त्याची बोटं तयार होतात; कापडाची कड चिमटीत धरून तो पोत सांगतो. उधारी कुणाला द्यावी, हेही तो शेठच्या नुसत्या हुंकारावरून ओळखायला लागतो. पुढे चांगल्या नोकरीचा अर्ज भरताना हीच पोरं ही वर्षं गाळून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. एका कामातला अनुभव दुसऱ्या कामात कसा उपयोगी पडतो, याचं उदाहरण इथून जवळच सापडतं. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. तिचा कारभार सोपवला बेझनजी मेहतांकडे, आणि ते आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून! सूत कातण्याचा अनुभव नाही, पण माल वेळेवर हलवणं, हिशेब चोख ठेवणं आणि माणसं सांभाळणं अंगात मुरलेलं. जमशेटजींनी नेमकं तेच हेरलं. माणूस पारखण्याची ही नजर मला त्यांच्या भांडवलापेक्षा मोठी वाटते. गिरणीची सुरुवातीची यंत्रं हलकी निघाली, ती बदलावी लागली. मेहतांनी मात्र पुढे कित्येक वर्षं ती गिरणी चालवली.