‘आपल्या माणसांनाच’ घर: एका जुन्या नियमाची गोष्ट

नायगाव म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम दादरजवळच्या बीडीडी चाळी आठवतात. हा थ्रेड मात्र खाडीपलीकडच्या, भाईंदर आणि वसई रोड यांच्या मधल्या नायगावातून लिहितो आहे. मिठागरांच्या आणि आगरी-कोळी व ख्रिस्ती वस्त्यांच्या या परिसरात आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे येथे येतात. कधी पैसे असूनही तेथे घर मिळत नाही, म्हणूनही येतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेस कार्यालयासाठी जागा नाकारली गेली आणि महाराष्ट्र संतापला. जून २०२४ मध्ये अनिल परब यांनी विधान परिषदेसाठी अशासकीय विधेयक दिले: नव्या इमारतींतील ५० टक्के घरे वर्षभर मराठी माणसांसाठी राखीव ठेवावीत. माझ्या वयाच्या अनेकांना ही मागणी न्याय्य वाटते. संताप मलाही मान्य आहे, उपाय मान्य नाही. का, ते समजण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

१९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मुंबईतील सहकारी घरबांधणीचा आरंभ तिच्यापासून मानतात. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. कारवारकडून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकमेकांच्या आधाराने घरे उभारली. त्यात वैर नव्हते, परक्या शहरातली गरज होती. पण सहकार आणि ज्ञाती यांची गाठ तेव्हापासूनच बसली. गाठीची दुसरी बाजू दोनच वर्षांनी दिसते. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून ते राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परदेशी विद्यापीठातले शिक्षण शेजार मिळवून देऊ शकले नाही.

राज्यघटनेने हे का थांबवले नाही? अनुच्छेद १५(२) वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा तेथे उल्लेख आहे. राहत्या घराचा नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास मज्जाव करणे गुन्हा ठरवले खरे. पण आज जात कोण विचारतो? आडनाव विचारतात, ‘मांसाहार करता का’ असे विचारतात. आणि धर्मावरून दिलेला नकार तर या कायद्यात बसतच नाही.

मग २००५ चा निकाल आला. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेची ‘सभासदत्व फक्त पारशांना’ ही उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. संख्येने लहान समाजाला एकत्र राहावेसे वाटते, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु त्याच निकालातले एक विधान चर्चेत क्वचित येते: सभासदत्व अमुक धर्मापुरते वा प्रदेशापुरते ठेवता येणार नाही, असे धोरण हवे असेल तर सहकार कायद्यात तशी दुरुस्ती व्हावी लागेल. म्हणजे चेंडू विधिमंडळाकडेच आहे, आणि तो वीस वर्षांत कुणी उचललेला नाही.

त्याची किंमत आमच्या वसईने पाहिली आहे. २०१६ साली येथील एका सोसायटीतल्या सभासदांनी मुस्लिम कुटुंबास सदनिका विकण्यास लेखी विरोध केला. पोलिसांनी काहींना अटक केली, पण कलम लावले ते धार्मिक भावना दुखावल्याचे! घर नाकारणे हा गुन्हा म्हणून कायद्यात नव्हताच.

‘घर माझे, मी कुणालाही विकेन’ हा आक्षेप जुना आहे. १९६४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी याच तर्काने समान निवासाचा कायदा बहुमताने निष्प्रभ केला होता. १९६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कौल रद्द केला. आपल्याकडे तर अनेकदा विकणारा तयार असतो आणि अडवतात ते शेजारी. २०१६ साली तेच घडले.

म्हणून राखीव कोटा मला अपुरा वाटतो. पहिल्या वर्षानंतर, पुनर्विक्रीच्या वेळी, तो काय करणार? आणि मुलुंडमध्ये दुखावलेला मराठी माणूस वसईत नकार देणाऱ्यांमध्ये बसला असेल, तर त्यालाही हा कायदा काही विचारत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ आजही सांगते की पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये. त्यात एवढेच जोडावे: धर्म, जात, भाषा, प्रांत, आहार हे ‘पुरेसे कारण’ नव्हे.

भाडेकरू मात्र यातूनही सुटतात, कारण ते सभासदच नसतात. नायगावात नव्याने येणारे कितीतरी जण आधी भाडेकरूच असतात. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद लागेल, आणि तिच्याविषयी अजून कुणी विधेयकाची भाषा केलेली मी ऐकलेली नाही.