वाखाला किंमत हाताची

गणपतीत मुलुंड-ठाण्याकडे फुले, केळीचे खांब घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी मंडपातली सजावट एकदा नीट पाहावी. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. त्या जागी पुठ्ठा, कापड, कागदी फुले आली. आपल्या शेतातला वाख मात्र तिथे क्वचितच दिसतो.

ताग म्हणजे गाडायचे खत, एवढेच आपण धरून चाललो आहोत. जमिनीला ते उत्तमच. बंद करा असे मी म्हणत नाही. पण बांधालगतच्या चार ओळी शेंगा धरेपर्यंत राखल्या, कापून पेंढ्या काही दिवस पाण्यात सडत घातल्या, की सोलून चांगला वाख हाती येतो. अंबाडीचेही तसेच. बांधावरच्या घायपाताला कोणी विचारत नाही आणि घड उतरला की केळीचे सोपट उकिरड्यावर जाते.

दाव्या-कासऱ्यापलीकडे हा वाख कशाला लागणार, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. मृणालिनी मुखर्जी या शिल्पकार बाई १९४९ साली मुंबईत जन्मल्या, बडोद्याला शिकल्या. सत्तरच्या दशकापासून वीसेक वर्षे त्यांनी रंगवलेल्या दोरांना हाताने गाठी मारून शिल्पे केली. उमलणारी फुले, झाडाच्या ढोल्या, वनदेवता, काही तर माणसाहून उंच. १९८४ ची ‘यक्षी’, १९९४ ची ‘वनश्री’ ही त्यातलीच. २०१५ साली बाई गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. माल काय, तर दोर! आधाराला लागेल तिथे धातूचा सांगाडा, बाकी सगळी गाठ.

गाठी आपल्याकडेही आहेत. शिंके, मुसके, जाळी विणणारे म्हातारे हात अजून गावोगाव सापडतात. त्यात मातंग समाजातले दोर वळणारे कारागीर पुष्कळ. नायलॉनचा दोर आला आणि त्यांचे काम बसले. मुलांनी ते शिकावे तरी कशासाठी?

आपली योजना मात्र नेहमी यंत्रापासून सुरू होते. केळीच्या सोपटातून धागा काढायचे यंत्र अनुदानावर आणायचे, फीत कापायची, फोटो काढायचा. पुढे धागा घ्यायला कोणी नाही, म्हणून ते ताडपत्रीखाली पडते. त्यातून सोपटाच्या वजनाच्या मानाने धागा निघतो जेमतेम शेकडा एक किलोच्या आसपास, बाकी पाणी आणि चोथा. नुसता धागा विकून वाहतूक तरी सुटेल का? माझे मत स्पष्ट आहे: आधी हात, मग गिऱ्हाईक, यंत्र त्यानंतर.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सुरुवात गावातूनच करावी. वेल्डिंगवाल्याकडून पातळ सळईचा सांगाडा करून घ्यावा, त्यावर दोर वळणाऱ्या आजोबांनी आणि बचत गटातल्या बायकांनी सुगरणीचा खोपा विणावा. गावचा वायरमन आत एलईडी दिवे बसवील. ते फार तापत नाहीत. तरी सुका वाख पेट घेतो, हे विसरू नये. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो बुडवून वाळवला, तर आग लवकर धरत नाही. आधी तुकडा पेटवून खात्री करावी. या कामाची मजुरी रोख द्यावी, श्रमदानात धरू नये.

असे दोन-तीन नमुने घेऊन उन्हाळ्यातच मुलुंडच्या मंडळांकडे जावे. गणपती तोंडावर आल्यावर नवीन माल कोण पाहणार? लोकलने पुढे माटुंग्याला केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान संस्था आहे, १९२४ सालची. तिथे धाग्याचे जाणकार आहेत, वाखाची मोळी दाखवून यावे.

जूनमध्ये पेरलेल्या तागाचा वाख त्याच वर्षीच्या गणपतीला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षीची ऑर्डर धरायची असेल तर यंदाचा वाख चांगला वाळवून, उंदीर आणि ओल लागणार नाही असा माळ्यावर टांगून ठेवावा लागेल.