धारेला पडलेला खांडा आणि आमचे उत्तर

खिशातल्या घडीच्या चाकूवर स्मरणिकेची पाने खर्ची घालावीत, हे काही बंधूंना थोडे चमत्कारिक वाटेल. भुसार, कापड, तंबाखू यांचे भाव, करांचे ओझे, वाहतुकीच्या अडचणी हे विषय आमच्यासमोर नित्य उभे असतात व ते मोठेही आहेत. परंतु गेल्या वर्षी ज्या एका जिनसाने आम्हांस आमच्याच गल्ल्यावर बसून खाली मान घालावयास लावली, तो जिन्नस चार बोटे लांबीच्या पात्याचा होता. म्हणून त्याविषयी लिहितो.

खानापूर व लोंढा यांच्या दरम्यान गुंजी हे रेल्वेचे स्थानक आहे. सभोवार रान, पाऊस दांडगा. येथल्या माणसाच्या खिशात चाकू असणे ही हौस नव्हे. काजूचे कलम, बांबूची कामटी, पोत्याची सुतळी, फणसाचा गरा, सर्वांस तोच एक चाकू. आमच्या दुकानी किराण्याबरोबर थोडे लोखंडी सामानही असते. एका प्रसिद्ध परदेशी बनावटीचे काही चाकू आम्ही विकावयास आणले. किंमत साडेबाराशे रुपये. पाते गंजरोधक पोलादाचे, मूठ हातात नीट बसणारी, धार अशी की कागद हवेत धरून कापावा. त्यांतला एक चाकू आमचे जुने गिऱ्हाईक असलेल्या एका निवृत्त गुरुजींनी घेतला.

तीन आठवड्यांनी गुरुजी तो घेऊन परत आले. धारेला मध्यभागी दोन खांडे पडले होते आणि टोकाकडे धार उजेडात चमकत होती. (धार खरी असेल तर ती डोळ्यांस दिसत नाही. चमकली की तेथे ती बसली, असे समजावे.) आम्ही चाकू हातात घेतला, न घेतला आणि म्हणालो, “गुरुजी, ह्याने कुठेतरी पत्रा कापलेला दिसतो.” गुरुजींनी शांतपणे उत्तर दिले, “शेठ, चाळीस वर्षे पोरांच्या पेन्सिलींना टोके करून दिली. चाकू कशासाठी असतो ते मला कळते. काजूच्या कोवळ्या काड्या आणि सुतळी, याखेरीज ह्याने काही कापले नाही.” आम्ही छापील हमीपत्रातील ‘गैरवापर’ हा शब्द बोटाने दाखविला. गुरुजींनी चाकू मिटला, खिशात घातला व ते निघून गेले. त्यानंतर ते आमच्या दुकानी आले नाहीत.

त्याच मालातला एक चाकू आम्ही गल्ल्यावर स्वतःसाठी ठेवला होता. पोत्यांची सुतळी आणि पुठ्ठ्याची खोकी, एवढेच त्याचे काम. पंधरा दिवसांत त्यालाही तसेच तीन खांडे! पहिल्या खांड्याचा दोष आम्ही खोक्याच्या तारेच्या टाचणीला दिला. दुसऱ्याला व तिसऱ्याला कारण देता येईना.

मग बेळगावास गेलो. उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग व साचे करणारे पुष्कळ कारखाने आहेत. पोलादाला पाणी देण्याचे काम करणाऱ्या एका अनुभवी कारागिराने ते पाते भिंगाखाली धरले व आम्हांसही पाहावयास लावले. खांडे दोन तऱ्हांचे असतात, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम समजले. एक तुटलेला. त्याची कड करडी व साखरेसारखी रवाळ दिसते. पाणी देताना पोलाद फार तापले अथवा पाणी उतरवण्यात कसूर झाली, म्हणजे ते काचेसारखे ठिसूळ होऊन असे तुटते. दुसरा दुमडलेला. तेथे धार प्रथम एका अंगास मुरडते, मग ती मुरड पुढल्या कापाला फाटून निघते व मागे दाता राहतो. आमच्या चाकूचे खांडे दुसऱ्या जातीचे होते. एके ठिकाणी मुरड अद्याप लोंबत होती.

उत्तम पोलाद मुरडावे कसे? कारागिराने सांगितलेले कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारखान्यात शेवटची धार वेगाने फिरणाऱ्या चाकावर काढतात. धारेचे टोक इतके बारीक असते की तेथील उष्णतेला जावयास जागा नसते. चाकूच्या पोलादाचे पाणी बहुधा दीडशे ते दोनशे अंश सेल्सियसवर उतरवलेले असते. चाकावर क्षणभर हात जड झाला की धारेची कड त्यापेक्षा कितीतरी अधिक तापते व तेवढ्याच कडेचे पाणी जाते. तीनशे अंशांच्या सुमारास पोलादावर निळी झाक येते. ती पुढे पुसली जाते, पण गेलेले पाणी परत येत नाही. “पोलादात खोट नाही,” कारागीर म्हणाला, “शेवटच्या चाकावर घाई झाली. दोनतीनदा दगडावर पाण्यात धार लावा. खालचे चांगले पोलाद वर येईल.” तसे केले. तो चाकू आजतागायत आमच्या गल्ल्यावर आहे व तीच सुतळी कापतो आहे.

सुऱ्यांना धार लावणारा फिरस्ता दारोदार कोरड्या चाकावर ठिणग्या उडवतो, तेव्हा हेच घडते. पोरे ती आतषबाजी पाहण्यास जमतात आणि गृहिणी आठ दिवसांनी म्हणते की पूर्वीचे पोलाद राहिले नाही.

वापरणाऱ्याकडूनही चुका होतात, हे आम्ही नाकारीत नाही. चिनी मातीच्या बशीवर लिंबू कापले तर बशी पोलादाहून कठीण, धार तेथेच बसते. बांबूत रुतलेला चाकू पिळून काढला तर धारेवर आडवा जोर येतो. पात्याची जाडी निम्मी केली की वाकण्याला होणारा विरोध आठव्या हिश्शावर येतो, मग त्या बारीक टोकाची काय कथा? पुठ्ठ्यात रेतीचे कण असतात. आमच्याकडील पावसात ओला चाकू मिटून खिशात ठेवला, त्यातून त्याला कैरीचा अथवा कोकमाचा आंबटपणा लागलेला असला, तर साधे पोलाद धारेपाशीच आधी खाल्ले जाते. परंतु यांतील एकही गोष्ट आम्ही चाकू विकताना गुरुजींस सांगितली होती काय? आम्हांसच ठाऊक नव्हती.

नावावर माल विकण्याची सवय याच्या मुळाशी आहे, असे आमचे मत आहे. नावाची किंमत जगाने फार पूर्वी ओळखली. शेफील्डच्या नावाने बाहेरचा माल खपू लागला तेव्हा इंग्लंडने 1887 साली कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. जर्मनीने 1938 साली झोलिंगेन हे नाव त्या परिसरात बनलेल्या पात्यांपुरते राखून ठेवले. पण नाव चाकाची घाई थांबवीत नाही. शिवाय चांगले पोलाद म्हणजे अधिक कठीण पोलाद, हा समजही अर्धाच खरा. कार्ल एल्सेनर यांनी 1884 साली स्वित्झर्लंडमध्ये काढलेल्या कारखान्याचे चाकू, ज्यांचा पुरवठा 1891 पासून स्विस सैन्यास होऊ लागला, ते कठीणपणाच्या रॉकवेल मापावर छप्पन्नच्या आसपास ठेवतात. ते लवकर बोथटतात, पण सहसा तुटत नाहीत व घरच्या दगडावर पुन्हा लागतात. साचे करणारे ज्याला एचसीएचसीआर म्हणतात, त्या दीड टक्का कार्बनाच्या पोलादाचे पाते धार पुष्कळ दिवस धरते. मात्र पिळले तर त्याचे तुकडे उडतात. गिऱ्हाईक बांबू तासणार की कलमे बांधणार, हे विचारल्यावाचून दोहोंतला एक त्याच्या हाती देणे ही विक्री नव्हे.

कायद्याचेही थोडे सांगतो. 1930 च्या मालविक्री कायद्यात, गिऱ्हाइकाने उपयोग सांगून आमच्या माहितीवर भिस्त ठेवली तर माल त्या उपयोगास योग्य असला पाहिजे, अशी अट अध्याहृत धरली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल काही प्रसंगी विक्रेत्यासही जबाबदार धरले आहे. अर्थात गुरुजी कोणत्याही आयोगाकडे जाणारे गृहस्थ नव्हते. ते फक्त आमच्याकडे येईनासे झाले, आणि अशा गिऱ्हाइकाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

उद्यमबागेतून परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही नवा चाकू घेऊन त्यांच्या घरी गेलो. गुरुजी परसात काजूची रोपे न्याहाळीत बसले होते. आम्ही सर्व हकीकत सांगितली व चूक आमची होती असे म्हटले. त्यांनी चहा मागविला आणि खिशातून तोच जुना चाकू काढला. खांडे नाहीसे झाले होते. नदीतल्या बारीक पोताच्या दगडावर रोज थोडे, असे करून त्यांनी महिनाभरात धार स्वतःच खाली उतरवून घेतली होती. “आता चांगला चालतो,” ते म्हणाले. नवा चाकू त्यांनी घेतला नाही. पैसे परत देऊ केले, तेही घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्या गल्ल्याजवळ पाण्याच्या भांड्यात एक दगड ठेवलेला असतो. चाकू विकला की पहिली धार आम्ही गिऱ्हाइकासमोर त्यावर लावून देतो, पोलादाची जात बिलावर लिहितो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावयास आणा, असे सांगतो. यात वेळ मोडतो. आमच्या चिरंजीवांना तो व्यर्थ वाटतो व ते तसे बोलूनही दाखवितात. गुरुजी मागल्या महिन्यात सुतळीचा एक गुंडा घ्यावयास आले होते.