बाद पुस्तके रद्दीत नकोत, शाळेत हवीत

वाचनालयांतून बाद होणारी मुलांची पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात. ती नाममात्र किमतीत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांना मिळावीत, या मागणीसाठी हे पत्र.

शाळांत पुस्तके नाहीतच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेला ग्रंथालय बंधनकारक केले. पुस्तकांचे संच आले, साठा नोंदवहीत चढले. पण कोरे पुस्तक हरवले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. त्यामुळे अनेक शाळांत ते कपाटात कुलपात राहते आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर येते. दहा-वीस रुपयांचे जुने पुस्तक मात्र निर्धास्तपणे मुलाच्या हाती देता येते. मूल ते घरी नेते, गुरांमागे नेते, धाकट्या भावंडाला चित्रे दाखवते. ते फाटले तरी कोणाची नोकरी धोक्यात येत नाही. वाचनाची गोडी अशा मोकळ्या हाताळणीतूनच लागते.

जुनी पुस्तके टाकाऊ असतात, हा समज चुकीचा आहे. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून मी अशी पुस्तके आणली आहेत. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, शेवटी तारखांची चिठ्ठी, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले. आतली पाने शाबूत. गव्हाच्या पिठाची खळ आणि जाड सुती दोरा एवढ्यात बांधणी पुन्हा धरते, आणि सहावी-सातवीची मुले हे काम हौसेने करतात. १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मिळाले तर त्यांच्यावर उड्या पडतात. घरी माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलांना तर भरपूर चित्रांची पुस्तके आधी हवीत.

‘आदिवासी मुलांच्या माथी शहराचे जुने का?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच मला दान नको, विक्री हवी. दानाच्या खोक्यांत कालबाह्य गाइडे आणि कोऱ्या डायऱ्या येतात, नको म्हणायची सोय नसते. पैसे मोजणारी शाळा निवडून घेते. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या भागातल्या जंगलांनी वर्षानुवर्षे बांबू पुरवला. म्हणून चांगल्या पुस्तकावर इथल्या मुलांचा हक्क आहे, तो उपकार नव्हे. नव्या पुस्तकांची खरेदीही चालूच राहिली पाहिजे.

राज्यात १९६७च्या अधिनियमाखाली सुमारे अकरा हजार सार्वजनिक ग्रंथालये शासनमान्य आहेत. पुस्तके बाद करताना त्यांनी बालविभागाची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे पाठवावी आणि रद्दीवाल्याआधी आमच्या शाळांना विचारावे, असे परिपत्रक ग्रंथालय संचालनालयाने काढावे. वाहतुकीची सोयही हवी. टपाल खात्याची ‘रजिस्टर्ड प्रिंटेड बुक्स’ ही स्वस्त सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. आता एसटीच्या पार्सलमध्ये पुस्तकांना सवलत द्यावी. गडचिरोली आणि चंद्रपूरला मे महिन्यात विक्री भरवावी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा रस्ता बंद होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघालेली खोकी वाटेतच भिजतील.

गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव एक वाचनालय’ उपक्रमात गावोगावी वाचनालये उघडली, हे फार चांगले झाले. तिथे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी लहान मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर एक फळी असावी.

ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. यंदा बालविभागाची पुस्तके बाद कराल, तेव्हा वजनकाटा मागवण्याआधी गडचिरोलीच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला एक पत्र टाका.

– एक निवृत्त शिक्षिका, मूल, जि. चंद्रपूर