गुन्ह्याची कबुली आणि सुटकेचा मोह

दोषारोप वाचून दाखवल्यानंतर न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ ‘नाही’ म्हटले की खटला चालतो. ‘होय’ म्हटले, तर त्या कबुलीवर दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला मिळतो. मात्र तसे करणे बंधनकारक नसते. २० जुलै २००९ रोजी अजमल कसाबने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी विशेष न्यायालयाने ती कबुली केवळ नोंदवून घेतली आणि साक्षीपुरावे पुढे चालू ठेवले.

कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सवलत देणारी ‘प्ली बार्गेनिंग’ ही पद्धत मात्र याहून वेगळी. अमेरिकेत ती न्यायव्यवस्थेचा कणाच आहे. मुंबई हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोच्या न्यायालयात बाराही आरोप कबूल केले आणि फाशी व भारताकडील प्रत्यार्पण टाळले. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ व १९८० मध्ये, अन्नभेसळीच्या खटल्यांच्या निमित्ताने, अशा सौद्यांवर कठोर ताशेरे ओढले होते. लांबणाऱ्या खटल्याला कंटाळून निरपराध माणूसही गुन्हा कबूल करील, ही त्यामागची भीती होती. पुढे विधी आयोगाच्या शिफारशींनंतर कायदा बदलला आणि ५ जुलै २००६ पासून ही पद्धत मर्यादित स्वरूपात लागू झाली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हेच त्यात येतात. स्त्रिया व बालकांविरुद्धचे, तसेच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे वगळलेले आहेत. अर्ज स्वेच्छेने केला आहे ना, हे न्यायाधीश आरोपीला एकांतात विचारून पाहतात. वाटाघाटीत पीडितालाही स्थान असते आणि भरपाई ठरू शकते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात दोन बदल केले. आरोपनिश्चितीनंतर ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि वाटाघाट ६० दिवसांत संपवावी लागते. शिवाय प्रथमच गुन्हा करणाऱ्याला जास्त सवलत आहे. किमान शिक्षा ठरलेली नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश इतकीच शिक्षा देता येते.

खरी मेख या हिशेबातच आहे. दुचाकी चोरल्याचा आरोप असलेला एखादा मजूर घ्या. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे. सौदा केला, तर सहा महिने. आणि कोठडीत काढलेला काळ त्यातून वजा होतो. म्हणजे सहा महिने आत असलेला माणूस त्याच दिवशी बाहेर पडू शकतो. सौदा नाकारून जामीनही मिळाला नाही, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष, भरल्यावरच पहिल्यांदा अडकलेल्याला बंधपत्रावर सुटकेचा हक्क मिळतो. चोरी केलेली नसली तरी ‘होय’ म्हणण्याचा मोह किती मोठा असेल, हे सांगायला नको. ज्याच्यापाशी जामीनदार आहे, त्याला हा मोह पडत नाही.

देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ७५ टक्क्यांहून अधिक कैदी कच्चे होते. त्यामुळे खटल्यांचा निपटारा वेगाने व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु सौद्याने सुटलेला माणूस निर्दोष सुटत नाही. दोषसिद्धीचा शिक्का नोकरीच्या अर्जापासून पुढच्या खटल्यापर्यंत त्याची पाठ सोडत नाही. अशा निकालाविरुद्ध नेहमीचे अपीलही करता येत नाही.

म्हणूनच ३० दिवसांची मुदत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कच्च्या कैद्याला कबुलीचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून सांगणे आवश्यक आहे. म्हापसा-मडगावच्या न्यायालयांत उभा राहणारा आरोपी अनेकदा परप्रांतीय असतो. त्याला कोकणी येत नाही, मराठी येत नाही आणि इंग्रजी तर नाहीच. कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. तो वकील आरोपनिश्चितीच्या आधी भेटला, तर कबुली हा निर्णय ठरेल. नंतर भेटला, तर ती निव्वळ अगतिकता राहील.