किल्ली ज्याची त्याची

मंडळी, पंचाहत्तरीला टेकलेल्या मास्तराने लिनक्सच्या सर्व्हरवर लिहावं म्हणजे जरा अतीच, असं भाचेमंडळी म्हणतील. म्हणू देत. मी मराठी माध्यमाचा बी.ए. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करताना आजही छातीत धडधडतं. पण विषय मुळात कुलूप-किल्लीचा आहे, आणि त्यातलं मला थोडंफार कळतं.

झालं असं. आमच्या हिने हयातीत म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या माझ्याकडे कॅसेटवर होत्या. थोरल्याने त्या संगणकावर घेतल्या आणि नातेवाईकांना कुठूनही ऐकता याव्यात म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्या. मी अंबडहून, थोरला जालन्याहून, धाकटा पुण्याहून आणि पुतणी अमेरिकेतून, असे चौघे त्याचा कारभार दुरूनच बघायचो. चौघांत मिळून एकच नाव, 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी. पासवर्डही एकच: गावाचं नाव आणि माझं जन्मसाल. मी तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता!

एका सकाळी सर्व्हर बंद. त्यावरून ढिगाने फसव्या मेल जात होत्या म्हणून मालकांनी तो बंद केला होता. आतलं सगळं पुसलेलं. घरी प्रत होती म्हणून बहुतेक ओव्या वाचल्या. शेवटच्या चार मात्र गेल्या. त्यांची प्रत काढायची राहिली होती, आणि कॅसेटची फीत तोवर खराब झाली होती.

त्याहून वाईट पुढेच घडलं. आत कोण शिरलं ते बघायला नोंदी काढल्या, तर सगळीकडे 'रूट' आणि 'रूट'. हजेरीपटावर साऱ्या वर्गाचं नाव एकच असावं तसं. आठ दिवस आम्ही एकमेकांवर संशय घेतला. मी धाकट्याला नको ते बोललो.

तेव्हा मला शाळेतलं एक कपाट आठवलं. त्याची किल्ली तसबिरीमागे असायची आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा सूक्ष्मदर्शक गेलं आणि आळ आला शिपायावर. तो बिचारा निर्दोष होता, पण ते सिद्ध कशाने करणार?

"आमच्याकडे आहे काय चोरायला?" असं आपण म्हणतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत बाहेरून शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. त्यापुढे आमच्या ओव्या किस झाडकी पत्ती! पण इंटरनेटवर दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम बँक आणि ओव्या असा भेद करत नाहीत. ते 'रूट' हे नाव धरून एकामागून एक पासवर्ड लावत बसतात.

पूर्वी टेलनेटने दूरच्या संगणकात शिरत, तेव्हा पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जाई. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून १९९५ मध्ये तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच तयार केलं. यात संवाद बंद पाकिटातून जातो. शिवाय पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, ती कोणी पाहिली तरी हरकत नाही. दुसरी गुप्त, ती आपल्या संगणकाबाहेर जातच नाही.

आता आमच्याकडे चौघांची नावं वेगळी, किल्ल्या वेगळ्या, आणि प्रत्येक गुप्त किल्लीला स्वतःचा परवलीचा शब्द. 'रूट'ला बाहेरून थेट प्रवेश नाही, पासवर्डने तर कोणालाच नाही. (हा बदल करताना एक खिडकी आत उघडी ठेवावी आणि दुसरीतून शिरून बघावं, नाहीतर आपणच बाहेर!) सुधारणा वेळच्या वेळी, आणि प्रत घरी. मागे पुतणीचा लॅपटॉप हरवला, तेव्हा थोरल्याने सर्व्हरवरची तिच्या किल्लीची एक ओळ खोडली. बाकी तिघांना काही तोशीस नाही.

आमच्या ताईला हे पटत नाही. "घरच्या घरात वेगळ्या किल्ल्या? विश्वास नाही का रे?" ताई, विश्वास टिकावा म्हणूनच. किल्ली एक असली की आळ सगळ्यांवर येतो.

असो. धाकट्या, वाचतोयस ना? पासवर्ड कॅलेंडरमागे मीच लिहिला होता. चूक माझी होती.